मिरगात किती पडला? तारखा कालखंडांशी जुळवणारी संथ स्क्रिप्ट वेगात कशी आणायची

आमच्याकडे मालवणात जून सरत आला की कुणीतरी काका हमखास विचारतो, "मिरगात पावस किती पडलो रे यंदा?" त्याला १ ते ३० जूनची बेरीज सांगून काही उपयोग नसतो. तरवा (भाताची रोपं) कधी पेरला आणि लावणी कधी लागली, हे तो नक्षत्रांवर मोजतो: मृग, आर्द्रा, मग तरणा पाऊस म्हणजे पुनर्वसू, मग म्हातारा म्हणजे पुष्य. पावसाचे आकडे मात्र आपल्याला तारीखवार मिळतात. म्हणजे प्रत्येक तारीख कुठल्या नक्षत्रात बसते हे शोधायचं आणि मग बेरीज करायची. काम एवढंच.

हे काम करणारी माझी पहिली स्क्रिप्ट पाऊण तास चालायची. पावसाळ्यात आमच्याकडे वीज सलग पाऊण तास टिकेल याची हमी नाही आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी तेव्हा शोभेपुरतीच होती. तिसऱ्यांदा अर्ध्यावर बंद पडल्यावर मी वीज मंडळाला दोष देणं थांबवून स्क्रिप्टकडे बघितलं. आता तीच स्क्रिप्ट चहाचं आधण ठेवायच्या आत संपते.

पायथन आणि पांडाज (तक्ते हाताळायची पायथनची लायब्ररी) नुकतं हाताळायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच करायची आणि जिथे अंडरस्कोर दाखवला आहे तिथे तोही घालायचा.

आधी बघा, वेळ नेमका जातो कुठे

सिंधुदुर्गाचे ८ तालुके आणि रत्नागिरीचे ९, मिळून १७. समजा, ३० वर्षांच्या रोजच्या नोंदी आहेत. (काही तालुके नंतर झाले, त्यांच्या जुन्या नोंदी नसतील, पण हिशेबापुरतं धरून चालू.) १७ × ३० × ३६५ म्हणजे १,८६,१५० ओळी. मृगापासून हस्तापर्यंत ९ नक्षत्रं, ३० वर्षांची मिळून २७० कालखंड.

नवखा माणूस बाहेर पावसाच्या ओळींचा लूप लावतो, आत नक्षत्रांचा लूप लावतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, "ही तारीख या दोन तारखांच्या मध्ये आहे का?" असे प्रश्न होतात १,८६,१५० × २७०, म्हणजे ५ कोटी २ लाख ६० हजार ५००. सापडल्यावर आतला लूप तोडला तरी आकडा कोटींतच राहतो. त्यात एकेक ओळ हातात देणारं 'इटर_रोज' वापरलं असेल तर पांडाज प्रत्येक ओळीसाठी एक नवी सिरीज बांधत बसतं. बांगडे मोजायला प्रत्येक बांगड्यासाठी वेगळी टोपली विणण्यातला हा प्रकार.

प्रत्येक ओळीवर एकच फंक्शन चालवणाऱ्या 'अप्लाय'ने हे सुटेल असं पुष्कळांना वाटतं. ओळीवार 'अप्लाय' हाही लूपच आहे, फक्त नीटनेटका दिसतो. त्याच्या आत नक्षत्रांचा तक्ता दर वेळी गाळत असाल तर काम १,८६,१५० वेळा होतंच.

तेव्हा पहिली पायरी घड्याळ लावण्याची. ज्युपिटर नोटबुकात सेलच्या (कोडच्या एका चौकटीच्या) माथ्यावर टक्क्याच्या दोन खुणा आणि पुढे 'टाइम' लिहिलं की त्या सेलला किती वेळ लागला ते कळतं. फाइल वाचणं, तारखा ओळखणं, जुळवणं, बेरीज, प्रत्येकाचा सेल वेगळा करा. पूर्ण फाइलवर प्रयोग करू नका, ५,००० ओळी पुरतात. मग १०,००० ओळींवर चालवून बघा. वेळ दुप्पट झाला तर ठीक. ओळी दुप्पट आणि कालखंडही दुप्पट केल्यावर वेळ चौपट झाला, तर लूपमध्ये लूप आहे हे नक्की समजा.

आणि हो, स्क्रिप्ट वर्षातून एकदाच चालवायची असेल आणि चार मिनिटं घेत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. चालू करा आणि अंगणात जाऊन या.

तारखा एकदाच ओळखा

बऱ्याच स्क्रिप्टींचा वेळ जुळवण्यात जात नाही, तो जातो "०५/०६/२०१९" या अक्षरांची तारीख करण्यात, तीही लूपच्या आत. २७० कालखंडांच्या सुरुवाती आणि शेवट प्रत्येक ओळीसाठी नव्याने ओळखले जात असतील तर कुठलंही यंत्र रडेल. फाइल वाचली की लगेच, एकदाच, पूर्ण कॉलमवर 'टू_डेटटाइम' चालवा आणि साचा स्वतः सांगा: आधी दिवस, मग महिना, मग चार आकडी वर्ष.

साचा सांगण्याने वेग तर वाढतोच, पण मोठं कारण वेगळं आहे. न सांगितल्यास पांडाज ०५/०६ चा अर्थ अमेरिकी पद्धतीने ६ मे असा घेतं. जुन्या आवृत्त्या त्याच कॉलमातल्या २५/०६ ला मात्र मुकाट्याने २५ जून म्हणायच्या, कारण पंचविसावा महिना नसतोच. परिणामी प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा तारखा वर्षभर विखुरल्या जायच्या आणि मृगाच्या सुरुवातीचा पाऊस ऑगस्टपासून डिसेंबरापर्यंत कुठेही पडायचा. २.० पासूनची आवृत्ती पहिल्या ओळीवरून साचा ठरवते आणि पुढे न जुळणारी तारीख आली की अडते. अडणं परवडलं.

आतून तारीख म्हणजे एक पूर्णांकच असतो. एक्सेलमध्ये १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. पांडाज १ जानेवारी १९७० पासून मोजतं. दोन आकड्यांची तुलना यंत्र झटकन करतं, अक्षरांची करताना धापा टाकतं.

कालखंडांची शीव कुठे, ते ठरवा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि सगळ्या चुका इथेच होतात. म्हणून जरा थांबतो.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ६१ दिवस. कालखंडाच्या तक्त्यात शेवट म्हणून "३१ जुलै" लिहिलंत, तर यंत्र त्याचा अर्थ ३१ जुलैची मध्यरात्र, ०० वाजून ०० मिनिटं, असा घेतं. मग ३१ जुलैला दुपारी ३ वाजता बंदरातून सुटलेल्या होडीची नोंद बंदीच्या बाहेर पडते. ६१ दिवसांची बंदी गुपचूप ६० दिवसांची झाली.

उपाय सोपा आहे. सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. बंदी लिहायची १ जूनपासून १ ऑगस्टच्या आधीपर्यंत. नक्षत्रांना तर हे आपसूक बसतं, कारण मृग जिथे संपतं तिथेच आर्द्रा लागतं. एका वर्षाचा तक्ता समजा असा केला:

मृग: ८ जून ते २२ जून
आर्द्रा: २२ जून ते ६ जुलै
पुनर्वसू: ६ जुलै ते २० जुलै
पुष्य: २० जुलै ते ३ ऑगस्ट

२२ जून दोन ओळींत दिसते, पण ती फक्त आर्द्राची. वाद मिटला. खऱ्या पंचांगात सूर्य नक्षत्रात शिरण्याची वेळही दिलेली असते आणि वर्षागणिक तारीख एखाद्या दिवसाने हलते. मृग कधी ७ जूनला, कधी ८ ला. म्हणून "८ जून" हे स्क्रिप्टमध्ये कोरून ठेवू नका, वर्षवार तक्ता वेगळ्या फाइलीत ठेवा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकसुद्धा अनेक वर्षं १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. ज्यांनी तारखा कोडमध्ये लिहिल्या होत्या त्यांचे हिशेब त्या वर्षी चुकले असणार.

पावसाच्या आकड्यांची आणखी एक खोच. हवामान खातं २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतं. ९ जूनच्या नावावर लिहिलेला पाऊस ८ जूनच्या सकाळी साडेआठपासूनचा असतो. त्यातले साडेपंधरा तास ८ तारखेचे, साडेआठच ९ तारखेचे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस २७ च्या सकाळच्या मोजणीत येतो, पण २७ जुलैचा पाऊस असं मुंबईत कुणी म्हणत नाही. मी जुळवण्याआधी नोंदीच्या तारखेतून एक दिवस वजा करतो. तुम्ही करा किंवा करू नका, पण काय केलं ते फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवा.

मधून विचारा: अर्ध्यावर शोध

पंचांगात २५ जुलै बघायची असेल तर कुणी चैत्राच्या पानापासून सुरुवात करत नाही. मध्ये उघडतो, पुढे गेलो की मागे सरकतो. यंत्रालाही हेच शिकवायचं. अट एकच, कालखंड सुरुवातीच्या तारखेप्रमाणे क्रमाने लावलेले हवेत.

नऊ नक्षत्रांच्या सुरुवाती क्रमाने आहेत. मधली, पाचवी, आश्लेषाची, ३ ऑगस्ट. २५ जुलै तिच्या आधी आहे, म्हणजे उजवा अर्धा भाग बाद. उरलेल्या चारांत दुसरी बघू, आर्द्रा, २२ जून. २५ जुलै नंतरची. मग पुनर्वसू, ६ जुलै, अजून नंतरची. मग पुष्य, २० जुलै, तिच्याही नंतरची. संपलं, उत्तर पुष्य. चार प्रश्न. २७० कालखंडांनाही जास्तीत जास्त नऊच प्रश्न लागतात, कारण दर प्रश्नाला अर्धे बाद होतात. १,८६,१५० × ९ म्हणजे पावणेसतरा लाख. पाच कोटींवरून इथे आलो.

नमपायमध्ये (आकड्यांच्या लांब यादींवर काम करणारी पायथनची लायब्ररी) यासाठी 'सर्चसॉर्टेड' आहे. त्याला सुरुवातींचा क्रमवार कॉलम द्या, तारखांचा पूर्ण कॉलम एकदम द्या, 'साइड' म्हणून 'राइट' सांगा आणि उत्तरातून १ वजा करा. मिळतो तो "या तारखेला किंवा तिच्या आधी सुरू झालेला शेवटचा कालखंड". लूप तुम्ही लिहायचा नाही, तो आत सी भाषेत चालतो.

इथे दोन खड्डे आहेत आणि मी दोन्हींत पडलो आहे.

पहिला: शोध फक्त सुरुवात बघतो, शेवट बघत नाही. माझा तक्ता हस्तावर संपत होता. त्यामुळे हस्त संपल्यापासून पुढच्या मृगापर्यंतची प्रत्येक तारीख, दिवाळी, शिमगा, सगळं, हस्तात गेलं. जानेवारीतला अवकाळी पाऊसही हत्तीने, म्हणजे हस्ताने, पाडला असं माझा अहवाल सांगत होता. एका शेतकऱ्याने तो वाचून विचारलं, "हत्ती इतके दिस खंय ऱ्हवलो?" तेव्हापासून जुळवल्यावर दुसरी तपासणी ठेवतो: तारीख त्या कालखंडाच्या शेवटाच्या आधी आहे का? नसेल तर नक्षत्राचा रकाना रिकामा.

दुसरा: पहिल्या कालखंडाच्याही आधीची तारीख आली तर उत्तर शून्य, त्यातून १ वजा केला की उणे १. पायथनमध्ये उणे १ म्हणजे शेवटची ओळ! तीस वर्षांपूर्वीचा मे महिना यंदाच्या हस्तात जाऊन बसतो आणि एररही येत नाही. उणे उत्तरं आधी वेगळी काढा.

पांडाजच्या हातून: मर्ज_एझऑफ

वरचंच काम तक्त्यांच्या भाषेत 'मर्ज_एझऑफ' करतं. डावीकडे पाऊस, उजवीकडे नक्षत्रं. दिशा न सांगितल्यास ती 'बॅकवर्ड', म्हणजे मागची सर्वांत जवळची सुरुवात. दोन्ही तक्ते तारखेप्रमाणे क्रमाने लावलेले हवेत, नाहीतर ते चालतच नाही. डावीकडे एक जरी तारीख रिकामी असली तरी अडतं, म्हणून रिकाम्या आधी बाजूला काढा. दोन्हीकडे तारखेचा प्रकारही एकच हवा, एकीकडे तारीख आणि दुसरीकडे अक्षरं चालत नाहीत. शेवटाची तपासणी इथेही आपणच करायची, नाहीतर हत्ती परत येईल.

जिल्ह्याप्रमाणे कालखंड वेगळे असतील, म्हणजे समजा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या इशाऱ्यांच्या तारखा वेगळ्या, तर 'बाय'मध्ये जिल्ह्याचा कॉलम द्या. इथे नवखे हटकून अडकतात. त्यांना वाटतं आधी जिल्हा, मग तारीख असा क्रम लावायचा. तसा लावला की रत्नागिरी संपून सिंधुदुर्ग सुरू होताना तारीख मागे उडी मारते आणि "क्रम लावलेला नाही" अशी तक्रार येते. क्रम फक्त तारखेचा. जिल्ह्यांचं ते आतून बघून घेतं.

माझी आवडती वाट: दिवसांचं कॅलेंडर

हे सगळं करून झाल्यावर एके दिवशी डोक्यात आलं, १,८६,१५० ओळींत वेगळ्या तारखा किती? ३० × ३६५, लीप वर्षं सोडली तर १०,९५०. तीच तारीख १७ तालुक्यांसाठी सतरा वेळा का विचारायची?

म्हणून उलटं करा. प्रत्येक कालखंड त्याच्या दिवसांत उलगडा. ८ जून मृग, ९ जून मृग, असं २१ जूनपर्यंत, मग २२ जून आर्द्रा. 'डेट_रेंज'ने दिवसांची यादी करायची, 'एक्सप्लोड'ने तिच्या ओळी करायच्या. शेवटचा दिवस सोडायला विसरू नका. एका वर्षाचे सव्वाशेच्या आसपास दिवस होतात, ३० वर्षांच्या पावणेचार हजार ओळी. मग पावसाचा तक्ता या कॅलेंडरला साध्या 'मर्ज'ने तारखेवर जोडा, 'हाऊ' म्हणून 'लेफ्ट'. आता "मध्ये आहे का" हा प्रश्नच उरला नाही, "तीच आहे का" एवढाच उरला, आणि त्यात यंत्र पटाईत असतं. ज्या दिवसाला नक्षत्र नाही तो आपोआप रिकामा राहतो, म्हणून हत्तीची भीती नाही. क्रम लावायचीही गरज नाही. पावसाच्या तारखेला वेळ चिकटलेली असेल तर 'नॉर्मलाइझ'ने ती मध्यरात्रीवर आणा, नाहीतर काहीच जुळणार नाही.

'मर्ज' करताना 'व्हॅलिडेट'मध्ये 'मेनी_टू_वन' लिहा. कॅलेंडरात एखादी तारीख दोनदा आली असेल तर तो तिथेच थांबवतो. नाही लिहिलं तर ओळी दुप्पट होतात आणि आर्द्राचा पाऊसही दुप्पट. असा फुगलेला आकडा कोकणात कुणाला संशयास्पदही वाटत नाही, हीच पंचाईत.

ही वाट दिवसाच्या नोंदींसाठी. होडी १४ वाजून ३७ मिनिटांनी सुटली आणि कालखंडही मिनिटांचे असतील, तर कॅलेंडर मिनिटांचं करावं लागेल आणि ते फुगेल. तिथे 'मर्ज_एझऑफ'च बरं.

कालखंड एकमेकांवर चढले तर

समजा एकाच तक्त्यात रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर आणि अतिवृष्टीचा इशारा १९ ते २१ जुलै, असे दोन्ही टाकले. २५ जुलै विचारली. शेवटची सुरुवात १९ जुलैची, म्हणजे इशारा. तो संपलेला. उत्तर: काहीच नाही. पण वेळापत्रक तर चालू आहे! अर्ध्यावर शोध फक्त शेवटची सुरुवात बघतो, तिच्या मागे लांबलचक पसरलेला कालखंड त्याला दिसत नाही.

म्हणून आधी तपासा. सुरुवातीप्रमाणे क्रम लावा, प्रत्येक शेवट पुढच्या सुरुवातीशी ताडून बघा. शेवट मोठा असेल तर चढाचढी आहे. बहुतेक वेळा प्रकार वेगळे केले की प्रश्न सुटतो: नक्षत्रांचा एक कॉलम, बंदीचा वेगळा, इशाऱ्याचा वेगळा, तीनदा जुळवा. खरोखर एकाच प्रकारचे कालखंड चढत असतील आणि एका तारखेला दोन उत्तरं हवीच असतील, तर कॅलेंडरची वाट धरा, 'व्हॅलिडेट' काढा आणि बेरीज करताना भान ठेवा. डेटाबेसवाल्यांना डकडीबीमध्ये 'एझऑफ जॉइन' तयार मिळतो, पण तोही एकच उत्तर देतो. चढाचढीसाठी आर भाषा वापरणाऱ्यांना डेटाटेबलमध्ये 'एफओव्हरलॅप्स' आहे.

एक्सेलवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही. 'व्हीलुकअप'चा शेवटचा रकाना 'ट्रू' ठेवला आणि सुरुवाती चढत्या क्रमाने लावल्या की तेही अर्ध्यावरच शोधतं. शेवटाची तपासणी शेजारच्या कॉलमात 'इफ'ने करा.

पाठवण्याआधी

जुनी संथ स्क्रिप्ट फेकू नका. ५०० ओळी कुठूनही उचला, दोन्ही स्क्रिप्टींतून काढा, जुळवलेले कॉलम ताडून बघा. एकही ओळ वेगळी आली तर नव्या स्क्रिप्टवर विश्वास ठेवू नका, आणि जुन्यावरही नको. माझ्या बाबतीत दोनदा जुनीच चुकीची निघाली होती, ३१ जुलैच्या त्या मध्यरात्रीमुळे.

जुळवण्याआधी आणि नंतर ओळींची संख्या मोजा, ती १,८६,१५० होती तर तेवढीच राहायला हवी. पावसाची एकूण बेरीजही तीच यायला हवी. मग चार तारखा हाताने बघा. मृग लागण्याचा दिवस मृगात आला का. आर्द्रा लागण्याचा दिवस मृगात तर राहिला नाही ना. १५ जानेवारी रिकामी आहे का. आणि २२ जुलै २०२१, चिपळूण बुडालं तो दिवस, म्हाताऱ्यात दिसतो का. चारही जुळले की काकांना फोन करा.